बाजिओला दिलेला नकार आणि त्यानंतरचा अँचेलोटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा फुटबॉलमध्ये मिडफिल्डर होता, गुडघ्याने दगा दिला म्हणून बत्तिसाव्या वर्षी खेळणं थांबलं, आता कोच व्हायचंय. चांगलं खेळलेल्या माणसाला मॅनेजर होताना खरंच फायदा मिळतो का? इटालियन कोच कार्लो अँचेलोटीने असं काय केलं जे त्याच्याहून मोठ्या खेळाडूंना जमलं नाही? आणि समोर दोन जागा आहेत, सतरा वर्षांखालच्या संघाचं मुख्य कोचपद आणि मोठ्या संघात सहायकाची जागा. कुठली घ्यावी?

मी बावीस वर्षं कोचिंग करतोय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मी वाईट कोच होतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहितोय ते बरंचसं तिथून आलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: फायदा मिळतो, पण फार दिवस पुरत नाही. नाव मोठं असेल तर पहिले तीन-चार आठवडे पोरं कान देऊन ऐकतात. मग संघ दोन सामने हरतो आणि पोरांना एवढंच कळायला हवं असतं की या माणसाला उद्या काय करायचं ते माहीत आहे की नाही. थिएरी ऑन्रीएवढा खेळाडू, ऑक्टोबर २०१८ मध्ये मोनॅकोचा कोच झाला आणि जानेवारीत घरी गेला. गॅरी नेव्हिल व्हॅलेन्सियात चार महिनेही टिकला नाही. उलट ज्या माणसाने अँचेलोटीला घडवलं तो आरिगो साक्की व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नव्हता, बुटांच्या धंद्यातून आलेला माणूस. म्हणजे खेळलेलं असणं ही अटही नाही आणि हमीही नाही.

तरी अँचेलोटीच्या बाबतीत त्याचं खेळणं महत्त्वाचं आहे. कारण तो कोणाच्या हाताखाली खेळला आणि मैदानाच्या कुठल्या जागेवरून खेळला, ते बघण्यासारखं आहे.

जन्म १९५९, एमिलियातलं रेज्जोलो, शेतकऱ्याचं घर. पार्मातून सुरुवात, १९७९ मध्ये रोमा. तिथे कोच निल्स लीडहोल्म, स्वीडिश, आवाज न चढवणारा माणूस. इटलीत सगळे माणसाला माणूस बांधून बचाव करत असताना लीडहोल्मने रोमाला झोनल, म्हणजे माणूस न धरता आपापली जागा राखून, खेळवलं आणि १९८३ मध्ये संघाला लीग जिंकून दिली. रोमाचं आधीचं विजेतेपद १९४२ चं होतं, यावरून त्या शहराला काय झालं असेल याचा अंदाज करा. त्या मोसमात लीडहोल्मने एक गोष्ट केली जी मी कोचिंगच्या वर्गात नेहमी सांगतो. आगोस्तीनो दी बार्तोलोमेई हा कर्णधार मिडफिल्डर होता, पाय संथ, पण पास सुरेख. लीडहोल्मने त्याला उचलून बचावाच्या मध्यात ठेवलं. तिथे समोर मोकळी जागा, अंगावर कोणी धावून येत नाही, चेंडू घे आणि वाट. वेगाची उणीव झाकायला शेजारी व्हिएर्खोवोद, तो वाऱ्यासारखा धावणारा. अँचेलोटी हे सगळं पुढच्या रांगेतून रोज बघत होता. वीस वर्षांनी याचा संबंध लागेल.

गुडघ्यांचं म्हणाल तर तुमचं दुःख त्याला चांगलं कळेल. १९८१ मध्ये एक गुडघा गेला, त्यात १९८२ चा वर्ल्डकप हुकला, आणि तो इटलीने जिंकला. मग दुसरा गुडघा. १९८४ ची युरोपियन कपची फायनल रोमाच्या स्वतःच्या मैदानावर होती, लिव्हरपूलविरुद्ध. हा बाहेर बसलेला, संघ पेनल्टीवर हरला. १९८७ मध्ये साक्कीने त्याला मिलानमध्ये मागितलं तेव्हा क्लबमध्ये याच गुडघ्यांवरून शंका होत्या. साक्की हटला नाही.

मिलानमधला त्याचा एक गोल जरूर शोधून बघा. एप्रिल १९८९, युरोपियन कपची सेमीफायनल, सान सिरोवर रियाल माद्रिद. मिलान ५-० जिंकलं आणि पहिला गोल अँचेलोटीचा, लांबून मारलेला. गोल सुंदर आहेच, पण मला त्याच्या आधीची काही सेकंदं जास्त आवडतात. दोन जण अंगावर येतात, हा घाई न करता एकाला आत घेऊन चुकवतो, दुसऱ्याला चुकवतो, मगच मारतो. आजूबाजूला कितीही गर्दी असली तरी स्वतःला अर्धा सेकंद काढून द्यायचा, ही सवय पुढे बेंचवरही राहिली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिलानने युरोपियन कप जिंकला.

साक्कीकडे सराव म्हणजे कवायत. चेंडूशिवाय अकरा जण मैदानावर, साक्की हाताने दाखवणार की चेंडू आता इथे आहे, आणि सगळे मिळून तेवढेच सरकणार. रांगांमधलं अंतर ठरलेलं. बघायला वेडेपणा वाटतो. मीही तरुणपणी माझ्या पोरांना हे करायला लावलं आणि ती हसली. पण या कवायतीत मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला आख्खा संघ एका यंत्रासारखा दिसायला लागतो. अँचेलोटीला तो दिसला, आणि इतका पटला की १९९२ मध्ये खेळणं संपल्यावर तो साक्कीचा सहायक म्हणून इटलीच्या संघात गेला. १९९४ च्या वर्ल्डकपची फायनल पासाडेनात ब्राझीलविरुद्ध पेनल्टीवर हरले. शेवटची पेनल्टी बारच्या वरून मारणारा रॉबर्टो बाजिओ होता. हे नाव लक्षात ठेवा.

तर १९९५ मध्ये मुख्य कोच म्हणून रेज्जाना, सेकंड डिव्हिजन, पहिल्याच वर्षी वर चढवलं. १९९६ मध्ये पार्मा. गोलमध्ये कोवळा बुफॉन, पुढे कान्नावारो, थुराम, क्रेस्पो, असा संघ. साक्कीचं ४-४-२ (चार बचावात, चार मध्यात, दोन पुढे) जसंच्या तसं. जियानफ्रांको झोला हा हाडाचा दहा नंबर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे मधोमध मोकळा खेळणारा. त्याला डाव्या बाजूला उभं केलं. नोव्हेंबरात झोला चेल्सीला निघून गेला आणि तिथे लोकांचा लाडका झाला. तरी पार्मा त्या मोसमात दुसरं आलं, युव्हेंटसच्या फक्त २ गुणांनी मागे. म्हणजे पद्धत चुकीची होती असंही म्हणता येत नव्हतं, आणि हीच खरी पंचाईत असते. चुकीची पद्धत बऱ्यापैकी निकाल देते तोवर कोच शिकत नाही.

१९९७ च्या उन्हाळ्यात बाजिओ पार्मात यायला तयार होता. त्याला दोन स्ट्रायकरच्या मागे खेळायचं होतं. अँचेलोटीने सांगितलं, माझ्या ४-४-२ मध्ये तशी जागा नाही. बाजिओ बोलोन्याला गेला आणि त्या मोसमात लीगमध्ये २२ गोल मारले. अँचेलोटीने पुढे अनेकदा उघडपणे कबूल केलंय की ती चूक होती.

इथे थोडं थांबतो, कारण ही चूक मी अगदी जवळून ओळखतो. माझ्याकडे चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा होता, मधल्या रांगांच्या फटीत उभा राहून चेंडू घेणारा. मी तेव्हा नुकता कोर्स करून आलो होतो, वहीत बाण आणि चौकोन. त्याला मी उजव्या बाजूला लावला, 'शिस्त शिकेल' म्हणून. दर सामन्यात तो आत यायचा, मी ओरडायचो, तो परत रेषेला चिकटायचा. तिसऱ्या महिन्यात त्याने आत येणं सोडलं. मला वाटलं, शिकला. खरं तर त्याने चेंडू मागणंच सोडलं होतं. मोसम संपल्यावर तो आलाच नाही. सिस्टिम ही कोचला रात्री झोप लागावी म्हणून असते, हे मला कळायला तो पोरगा गमवावा लागला.

नवा कोच पद्धतीला का चिकटतो, तर भीतीने. खेळाडू होतास तेव्हा काही बिघडलं तर पायाने दुरुस्त करता यायचं. आता हात खिशात घालून उभं राहायचं. मग जे एक तुला पूर्ण पाठ आहे, त्याला धरून बसावंसं वाटतं. आणि माजी खेळाडूला सगळ्यात पाठ काय असतं? ज्या संघात तो जिंकला तो संघ. अँचेलोटी पार्मात १९८९ चं मिलान पुन्हा बांधत होता.

फेब्रुवारी १९९९ मध्ये तो युव्हेंटसला गेला. तिथे झिनेदिन झिदान. आता झिदानला डाव्या रेषेला कोण उभं करणार? ४-४-२ मोडलं, झिदानला दोन स्ट्रायकरच्या मागे मोकळं सोडलं, बाकीचे त्याच्याभोवती बसवले. पण लीग मिळाली नाही. मे २००० मध्ये शेवटच्या दिवशी पेरुजात एवढा पाऊस पडला की खेळ तासाभराहून जास्त थांबला. पुन्हा सुरू झाल्यावर युव्हेंटस १-० हरलं आणि लाझिओ एका गुणाने विजेतं झालं. पुढच्या वर्षी रोमाच्या २ गुणांनी मागे.

त्या दुसऱ्या मोसमातला एक सामना सांगितलाच पाहिजे. १ एप्रिल २००१, तुरिन, युव्हेंटस विरुद्ध ब्रेशिया. यजमान १-० पुढे, चार-पाच मिनिटं उरलेली. ब्रेशियाच्या मिडफिल्डमध्ये खोल उभ्या असलेल्या एका पोराने बचावाच्या डोक्यावरून लांब चेंडू टाकला. पुढे धावणाऱ्या माणसाने तो खांद्यावरून येताना पायाच्या एका स्पर्शात असा घेतला की त्याच हालचालीत गोलकीपर व्हॅन डर सार मागे पडला. १-१. गोल मारणारा होता रॉबर्टो बाजिओ, तेव्हा ३४ वर्षांचा. पास देणारा आंद्रेआ पिर्लो, इंटरकडून ब्रेशियाला उसना दिलेला, मुळात दहा नंबर; कार्लो मात्सोने या जुन्याजाणत्या कोचने त्याला मागे आणून खेळवलं होतं, कारण दहा नंबरच्या जागेवर बाजिओ होता. आणि युव्हेंटसच्या बेंचसमोर उभा होता अँचेलोटी. ज्याला जागा नाही म्हणून नाकारलं त्याने त्याचे २ गुण खाल्ले, आणि मोसम संपला तेव्हा रोमा बरोबर २ गुणांनीच पुढे होतं. उन्हाळ्यात अँचेलोटीची नोकरी गेली.

नोव्हेंबर २००१ मध्ये मिलानने बोलावलं. तिथे पिर्लो आधीच येऊन बसलेला. पुढच्या वर्षी सीडॉर्फ आणि रिव्हाल्डोही आले, आणि रुई कोस्टा होताच. सगळे चेंडूवाले, सगळ्यांना मधोमध खेळायचं. पार्मातल्या अँचेलोटीने यातले दोघे विकले असते. मिलानमधल्या अँचेलोटीने पिर्लोला बचावाच्या पुढ्यात ठेवलं, जिथे त्या काळी सगळे जण एखादा दांडगा, चेंडू हिसकावणारा गडी ठेवत.

हे चालायचं कसं, ते नीट बघा. पिर्लो धावण्यात कमी, अंगाला अंग भिडवण्यात कमी. म्हणून उजवीकडे गात्तुसो, जो दोघांचं धावणार. डावीकडे सीडॉर्फ, जो अडचणीत चेंडू पायाखाली राखून ठेवणार. पुढे रुई कोस्टा, आणि नंतर ब्राझीलचा काका. म्हणजे मिडफिल्डचा डायमंड. डायमंडचं दुखणं असं की बाजू उघड्या पडतात, समोरच्या विंगरला मोकळं रान मिळतं. त्यावर उपाय फुलबॅक, म्हणजे बाजूचा बचावपटू: काफूसारखा माणूस आख्खी उजवी बाजू एकटा सांभाळतो म्हणून हे परवडतं. काफू नसेल तर डायमंड करू नका, एवढंच त्यातून घ्या. आणि पिर्लोच्या अंगावर प्रतिस्पर्ध्याचा स्ट्रायकर सोडला तर बचावातले नेस्ता आणि माल्दिनी मोकळे होतात, तेही चेंडू घेऊन पुढे येणारे. वेगाची उणीव असलेल्या माणसाला मागे आणायचं, शेजारी धावणारा ठेवायचा. दी बार्तोलोमेई आणि व्हिएर्खोवोद आठवले का? हा धागा माझा मी जोडलेला आहे, पण रोज डोळ्यासमोर बघितलेलं माणूस विसरत नाही.

२००३ ची चॅम्पियन्स लीग (युरोपियन कपचंच नवं नाव) ओल्ड ट्रॅफर्डवर, समोर युव्हेंटसच, पेनल्टीवर जिंकली. २००४ मध्ये लीग. २००५ ची इस्तंबूलची रात्र सगळ्यांना माहीत आहे: मध्यंतराला ३-०, मग लिव्हरपूलचे सहा मिनिटांत तीन गोल, मग पेनल्टी. मध्यंतराला मिलानवाले आधीच जल्लोष करत होते वगैरे कथा सांगतात, मला त्यात रस नाही. लिव्हरपूलचा हामान मैदानात आला, मिलानच्या मधल्या फळीला मोकळीक मिळेना, जेरार्ड पुढे सरकला, आणि मिलानला सहा मिनिटं चेंडू शांत करता आला नाही. महत्त्वाचं पुढचं आहे. एवढा फटका बसल्यावर बहुतेक कोच संघ उसकटतात. याने त्याच माणसांवर भरवसा ठेवला, आणि २००७ मध्ये अथेन्सला त्याच लिव्हरपूलला २-१ हरवलं, दोन्ही गोल इंझागीचे. खेळाडू म्हणून आणि मॅनेजर म्हणूनही हा कप जिंकलेली माणसं जगात सातच आहेत, त्यातला हा एक.

पुढचा प्रवास भरभर सांगतो, नाहीतर हे नुसती यादी होऊन बसेल. चेल्सीत पहिल्याच वर्षी, २०१० मध्ये, लीग आणि एफए कप, लीगमध्ये १०३ गोल; वर्षभराने मोसमाच्या शेवटच्या सामन्यानंतर त्याच दिवशी काढलं. पॅरिसला २०१३ ची लीग. बायर्नला २०१७ ची. रियालला २०२२ ची, आणि युरोपातल्या पाचही मोठ्या लीग जिंकणारा तो पहिला मॅनेजर ठरला. रियालसोबत चॅम्पियन्स लीग २०१४, २०२२ आणि २०२४ मध्ये, म्हणजे मिलानच्या दोन धरून पाच. मॅनेजर म्हणून एवढ्या कोणाच्याच नाहीत.

यातून दोन प्रसंग वेगळे काढतो. २०१३ मध्ये रियालने गॅरेथ बेल आणला, रोनाल्डो होताच, त्यामुळे आंखेल दी मारिया या विंगरची जागा गेली. अँचेलोटीने त्याला मधल्या तिघांत डावीकडे घेतलं. हाडाचा विंगर, पण धाव अमाप आणि चेंडू घेऊन तीस-चाळीस मीटर पुढे जाणारा. लिस्बनच्या फायनलमध्ये ॲटलेटिको १-० पुढे, रामोसने ९३ व्या मिनिटाला बरोबरी केली, आणि जादा वेळेत सगळे पाय ओढत असताना दी मारिया डावीकडून घुसला, त्याच्या फटक्यावरून उडालेल्या चेंडूवर बेलचा गोल. ४-१. बाजिओला जागा नव्हती. दी मारियासाठी ती तयार केली.

दुसरा प्रसंग ४ मे २०२२ चा, मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सेमीफायनलचा. रियाल एकूण दोन गोलांनी मागे, नव्वदावं मिनिट. रॉड्रिगोने दीड मिनिटात दोन मारले. तोवर अँचेलोटीने क्रूस, मॉड्रिच, कासेमिरो, तिघांनाही बाहेर काढलं होतं. आता जादा वेळ, आणि पुढचे बदल कोणते, याचा विचार चाललेला. कॅमेऱ्यात दिसतं की अँचेलोटी क्रूस आणि मार्सेलो यांच्याशी बोलतोय. क्रूसने नंतर सांगितलं की तो त्यांचं मत विचारत होता. ज्याला आपण अर्ध्या तासापूर्वी बाहेर काढलं त्यालाच जाऊन विचारायचं की बाबा, तुला काय वाटतं! यासाठी अंगात एक निवांतपणा लागतो. आणि मला वाटतं, माजी खेळाडू असण्याचा खरा फायदा इथे दिसतो. बाहेर काढलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय चाललेलं असतं, हे याला ठाऊक आहे. ८४ च्या फायनलला तो असाच बाहेर होता.

सगळं गोड नाही. बायर्नला दुसऱ्या मोसमात, सप्टेंबर २०१७ मध्ये, पॅरिसकडून ३-० हरल्यावर लगेच काढलं. सराव हलका आहे अशी तक्रार संघातूनच होती. नापोलीत २०१९ मध्ये क्लबने खेळाडूंना सक्तीच्या शिबिरात राहायचा हुकूम दिला, खेळाडूंनी तो धुडकावला, कोच मधल्यामध्ये सापडला. चॅम्पियन्स लीगमध्ये ४-० जिंकल्याच्या रात्रीच नोकरी गेली. ज्या ड्रेसिंग रूममध्ये सहा-सात जाणते खेळाडू आहेत तिथे त्याची सैल पकड सोन्याची ठरते. जिथे खेळाडूंना दिवसभर कोणीतरी हाकावं लागतं तिथे ती कमी पडते. तुम्ही सतरा वर्षांच्या पोरांना अँचेलोटीसारखं मोकळं सोडलंत तर ती पहिल्या आठवड्यात तुमच्या डोक्यावर बसतील. त्या वयाला थोडा साक्कीच हवा, रांगांमधलं अंतर शिकवणारा. फक्त फटीत उभ्या राहणाऱ्या पोराला रेषेकडे हाकलू नका.

आता तिसरा प्रश्न. सहायकाची जागा घ्या. मुख्य कोच म्हणून रविवार ते रविवार निकालामागे धावताना आपण फक्त आपलीच पाठ असलेली गोष्ट घट्ट धरून बसतो, वर सांगितलंच. सहायकाला बघायला वेळ मिळतो: कोच बदल करायच्या आधी कोणाकडे बघतो, हरल्यावर आधी कोणाशी बोलतो, बाहेर बसलेल्याला सोमवारी काय सांगतो. ते रोज वहीत लिहा, आणि शेजारी तुम्ही काय केलं असतंत तेही, निकाल लागायच्या आधी. अँचेलोटीने साक्कीच्या शेजारी तीन वर्षं काढली. आणि २०१४ च्या लिस्बनमध्ये त्याच्या बेंचवर त्याचा सहायक म्हणून कोण होतं? झिनेदिन झिदान. तिथून झिदान आधी रियालच्या दुसऱ्या संघाकडे गेला, जानेवारी २०१६ मध्ये मोठा संघ हाती आला, आणि मग २०१६, २०१७, २०१८ असे तीन कप ओळीने. सतरा वर्षांखालचा संघ दोन वर्षांनीही तिथेच असेल.